दोषपत्रक

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं
मी फक्त चुका पाहिल्या.
रेघेबाहेर केसभर सरकलेला रंग,
आकड्याचं तुटलेलं पोट,
नको तिथे पडलेला शाईचा तीळ.
लाल पेन्सिलीची फुली, आणि पुढचा ताव.

आज शाल्मलीनं गंगापूर रोडच्या दालनात
एका बाईसमोर आणून उभं केलं.
'बसलेली बाई', जेजुरकर, अठ्ठावन्न साल.
चेहरा हिरवा,
मान काढून बाजूला ठेवल्यागत,
खांदा म्हणजे नुसता त्रिकोण,
आणि लुगड्याचा निळा रेघ ओलांडून
थेट भिंतीत शिरलेला.

फुली. फुली. फुली.
डाव्या हाताला बोटं सहा.
मी दोनदा मोजली.

शाल्मली शिकलेली आहे. ती सांगते,
हिरवा म्हणजे चुडा, आत्या, तोंडापर्यंत चढलेला,
त्रिकोण म्हणजे डोंगर, म्हणजे भार,
मांडीवरचं रिकामं पातेलं म्हणजे कूस.
असेल.
पण पातेलं मला ओळखीचं वाटतं,
तांबट आळीतलं, कल्हई उडालेलं.
त्यात ताक ठेवलं की कळकतं.
हिरवा तिथून आलाय.
बाईनं रोज तेच पोटात घातलं असणार.

डोळे मात्र काढलेलेच नाहीत.
सवयीनं वाटलं, उजेडाला धरून पाहावं,
कोऱ्या जागेतच तर जलचिन्ह असतं.
भिंतीवरचं चित्र उजेडाला धरता येत नाही,
म्हणून मीच सरकले खिडकीकडे,
आणि चारच्या तिरप्या उन्हात
रंगाच्या थराखालून वर आले
दोन उंचवटे.
आधी काढलेले, मग बुजवलेले डोळे.

त्यानं बुजवले,
की हीच म्हणाली, पुरे आता बघणं?

भोंगा झाला की आम्ही रांगेत उभ्या राहायचो,
हात वर करून, झडतीला.
चिटोरंसुद्धा बाहेर न्यायचं नाही.
आणि ही बसल्या जागेवरून
एवढा निळा घेऊन राजरोस निघालेली.

सहावं बोट पुन्हा पाहिलं.
ते तिचं नव्हतंच.
पातेल्याच्या काठाला दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा,
बाकीचा माणूस चौकटीनं कापलेला.
देतोय की घेतोय, कळत नाही.

चल, बंद करतायत, शाल्मली म्हणाली.
पेन्सिल शोधायला पर्समध्ये घातलेला हात
मी तसाच राहू दिला.