फणीचा दात

टॉवेल विणताना फणीचा एक दात जरासा वाकला
तर त्याची रेघ
पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत उतरते.
मालक थान उजेडात धरतो, रेघेवर बोट ठेवतो
आणि हप्त्यातून पैसे कापतो.
एकवीस वर्षं मला हे कळतंय.
तरी श्रावंतीच्या दाढेवरची रेघ
मला दिसली नाही.

दिसली असती तरी काय केलं असतं, कोणास ठाऊक.
दुधाचे दात. पडणारच आहेत.
मीच म्हणालो होतो असं राजेश्वरीला,
आणि बाटलीत साखरही मीच घालायचो,
रात्रपाळीआधी पोर झोपावी म्हणून.
दोन चमचे. कधी तीन.

गड्ड्यावर तिला मोठ्या पाळण्यात बसवलं.
पाळणा वर गेला, तळं दिसलं, सगळे दिवे दिसले,
बाकीची पोरं किंचाळत होती,
आणि ही एका हाताने गाल धरून
खाली माझ्याकडेच बघत राहिली.

दवाखान्यात हिरेमठ मॅडम रागावतील
अशी तयारी करून गेलो होतो.
मान खाली घालून बसायला मला येतं.
त्यांनी तोंडात आरसा घातला, म्हणाल्या,
ही दाढ अकराव्या वर्षापर्यंत राहायची आहे,
मागून येणारीची जागा धरून.
एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात ना, तशी.
मग ब्रश काढला आणि माझ्या हातात दिला.
तिच्या नाही. तुम्ही घासायचे,
ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत.
मी म्हटलं, माझी बोटं खरखरीत आहेत.
दाखवा, म्हणाल्या.
दाखवल्यावर काहीच बोलल्या नाहीत.

आता रोज पावणेआठला, जेवणं झाल्यावर,
ट्यूबखाली तिचं डोकं माझ्या मांडीवर.
घरात आम्ही तेलुगू बोलतो.
नोरु तेरु.
आ कर.
वाटाण्याएवढी पेस्ट.
तुटलेला धागा शोधावा तसं बोट ओठाखाली सरकवायचं,
जोर लावायचा नाही, लावला की ती चावते.
(एकदा रक्त आलं. माझं.)
हिरडीलगत खडूसारखं पांढरं दिसलं
तर किडीची सुरुवात तिथून, हे आता मला माहीत आहे.
मागची दाढ, आतली बाजू, मग वरची.
ती बोटांवर मोजत राहते
आणि तेरानंतर पंधरा म्हणते.

नळ पाचव्या दिवशी येतो.
मॅडम म्हणाल्या, फेस थुंकला की पुरे,
चुळा भरत बसू नका, पेस्ट दातावर राहू दे.
सोलापूरला सोयीची अशी
एवढी एकच गोष्ट मला कुठल्या डॉक्टरने सांगितली.

त्यानंतर फक्त पाणी.
पहिले आठ दिवस ती बाटलीसाठी रडली.
शेजारचे सायबण्णा म्हणाले, द्या की हो, लेकरू आहे.
मी मागाच्या खडखडाटात निघून जायचो,
ऐकायला राजेश्वरी होती.

राजेश्वरी दिवसाला हजार विड्या वळते
आणि सकाळी मिश्री लावते, तिची आई लावायची तशी.
एकदा पोरीने त्या डबीत बोट घातलं.
तेव्हापासून डबी मीटरच्या पेटीवर असते,
आणि राजेश्वरी मोरीचं दार लावून घेते.

काल दात घासून झाले,
पोर मांडीवरून उठली,
सूप बाजूला सारलं, पानं सांडली थोडी,
आईसमोर उकिडवी बसली
आणि तिची हनुवटी धरली,
अगदी माझ्यासारखी, दोन बोटांत.
अम्मा, नोरु तेरु.

राजेश्वरीने पदर तोंडावर घेतला.
हसली की काय, दिसलं नाही.
पोर तशीच बसून. घाई नाही तिला.

मी चपला घातल्या.
खिशातली चुन्याची डबी चाचपली,
पुढचा नंबर कोणाचा ते ओळखलं,
आणि तोंड घट्ट मिटून
जिना उतरलो.