अडीचशे किलोपर्यंत

छताला कडी ठोकायची नाही,
करारातच लिहिलंय, कलम अकरा.
म्हणून स्वतःच्या पायांवर उभा राहणारा झोपाळा बघायला
आम्ही सोहारहून बरक्यापर्यंत गेलो,
दीड तास, खजुरांच्या बाजूबाजूनं,
विद्याधरच्या खिशात मापाची टेप.

एक होता वेताच्या अंड्यासारखा.
एकच माणूस मावेल, तेही पाय पोटाशी घेऊन.
"भांडण झाल्यावर त्यात कोण बसायचं?" मी विचारलं.
तो पुढे सरकला.
दुसऱ्याला छत, झालर, पेला ठेवायला भोक,
कुणाच्या तरी मांडवातून पळून आल्यासारखा.
तिसरा नुसता लोखंडी,
सागाची म्हणून विकलेली, सागाची नसलेली फळी.
मी त्याला हातानं ढकललं.
तो गेला आणि परत आला.
मला एवढंच पाहायचं होतं.

पायावर चिकटवलेला कागद: कमाल वजन अडीचशे किलो.
विद्याधरनं तिथंच हिशेब मांडला.
तो ब्याऐंशी, मी साठ
(मी साठ सांगितले, त्यानं निमूट साठ धरले),
झाले एकशे बेचाळीस.
"म्हणजे एकशे आठ किलो फुकट चाललेत," म्हणाला,
भाडं भरलेली खोली रिकामी पडल्यासारखं.

मग जागा.
शुक्रवारी सकाळपासून दिवाळीची उरलेली रांगोळी घेऊन
तो झाडाच्या सावलीची कड आखत बसला.
आठची कड, दहाची कड.
बाराला सावली झाडाच्याच पायाशी येऊन बसली.
झाड घाफचं, म्हणजे आपली शमीच.
शस्त्रं लपवायच्या झाडाखाली
मी पापड-लोणच्याच्या गप्पा मारणार होते.

त्याला तोंड समुद्राकडे हवं होतं,
जो तीन रांगा घरांच्या पलीकडे आहे आणि दिसत नाही.
मला स्वयंपाकघराच्या खिडकीकडे,
कुकरच्या शिट्ट्या मोजता याव्यात म्हणून.
शफीकुल पाईप हातात धरून दोघांचं ऐकत होता.
"मॅडम, चार बजे धूप इधर से आता है,"
एवढं म्हणून परत मोगऱ्याकडे वळला.
चार वेळा हलवला.
वाळूत सोळा खड्डे.
दुसऱ्या दिवशी त्यांत पाणी साठलं,
आणि साळुंक्यांना आमचं भांडण फार आवडलं.

घरमालक खल्फान आले. आधी वर बघितलं, छताकडे.
मग झोपाळ्याला एक फेरी घातली,
रुतलेले पाय पाहिले, काही बोलले नाहीत.
संध्याकाळी त्यांच्या पिकअपमधून
उरलेल्या फरशा आल्या, चौदा, दोन फुटक्या.

आता तोंड ना समुद्राकडे ना खिडकीकडे.
समोर कंपाउंडची भिंत आहे,
भिंतीवर एक पाल, आणि संध्याकाळी आमच्या दोघांच्या सावल्या,
एकदा लांब, एकदा आखूड.
विद्याधर अजून म्हणतो, अर्धा फूट डावीकडे हवा होता.

जूनमध्ये दुपारी बाहेरची कामं बंद असतात.
कपडे आणायला निघाले
आणि जाळीच्या दाराशीच थांबले.
शफीकुल झोपाळ्यावर बसला होता, कडेला, पाव फळीवर,
कानाशी फोन.
दोन्ही पाय फरशीवर घट्ट रोवलेले,
झोपाळा जराही हलू नये म्हणून.
पलीकडून कुणीतरी लहान काहीतरी पाठ म्हणत होतं.
चुकत होतं, पुन्हा पहिल्यापासून म्हणत होतं.

कपडे वाळून कडक झाले, होऊ दिले.

रात्री विद्याधरला काही सांगितलं नाही,
हिशेब मात्र मनात केला.
त्याचे धरले पंचावन्न.
उरले त्रेपन्न किलो.