अरे

हळदीच्या यार्डात सापडला तेव्हा
चारी पंजे पिवळे,
जणू अंगाला हळद लागल्यावर पळालेला नवरदेव.
डॉक्टर दात बघून म्हणाले, सहा. सात धरा.
फोनवर सगळे विचारतात, पिल्लू नाहीये का?

मी त्याला नाव ठेवलं नाही.
'अरे' म्हणते. 'अरे'ला येतो.

विश्रामबागेतल्या या दोन खोल्यांत
अजून चपलांशेजारीच झोपतो.
भाकरी हुंगतो, माझ्याकडे बघतो,
मग खातो.

आज तासगावचे कोष्टी आले, रिटायर कंडक्टर.
खाली बसले, हात उघडा ठेवून
थांबले.

तो भुंकला. तीन महिन्यांत पहिल्यांदा.
माझ्या दारात आडवा उभा राहून.

कोष्टी हसले, "घर आहे की याला."

मी चहा टाकला.
साखर किती, ते विचारायचंच राहिलं.