प्रॉम्प्टर

दुधराम कापगते उभा आहे या खेपेला.
उभा म्हणजे खरंच उभा.
एकोणीस सीझन हा माणूस
पडद्याआड मांडी घालून बसलेला आम्ही पाहिला,
मांडीवर वही, वहीवर बॅटरीचा पिवळा डोळा.
आता टेम्पोवर, झेंडूच्या हारात,
फोटोत हसतो तो आमदारासारखा,
म्हणजे ओठ न उघडता.

पत्रकात छापलंय: शिक्षण बारावी,
व्यवसाय शेती, समाजसेवा.
नाटकाचं नाव नाही.
मी विचारलं तर खाली पाहत म्हणाला,
"नाटक्या म्हटलं का हासतेत लोक."

मी खलनायक. अकरा वर्षं.
वडशाहून निघालेल्या मेटॅडोरात
त्याच्या खांद्यावर झोपलेलो आहे.
एका मंडईत, पहाटे तीनला, तिसऱ्या अंकात
माझ्या जिभेचं लाकूड झालं,
हिरोईनचा गळा हातात अन् वाक्य नाही.
आडून श्वासाएवढा आवाज आला:
"हास. आधी हास."
मी हसलो. मांडव उठला.
टाळ्या माझ्या, बिडी त्याची.

तिकीट कसं मिळालं तेही सांगतो.
मोहफुलं वेचताना सुगंधा मडावीला वाघानं नेलं,
तेव्हा रेंज ऑफिसच्या खिडकीत
तिचा नवरा नुसता टोपी चुरगाळत होता.
दुधराम मागं उभा राहून पुटपुटला:
पंचनामा म्हण. तारीख म्हण.
पोचपावती घेतल्याबिगर हलू नको.
मग तहसील, मग धान खरेदी केंद्र,
मग निराधारवाल्या म्हाताऱ्या बाया.
अर्ध्या तालुक्याच्या पाठीमागं
हा माणूस कधी ना कधी उभा होता.
पक्षानं ते मोजलं.

काल बाजाराच्या दिवशी सभा.
कागद पक्षाचा, लॅमिनेट केलेला.
धानाला बोनस, बारदाना वेळेवर.
मोटारीला वीज दिवसा, सलग बारा तास.
दवाखान्यात रात्री मुक्कामी डॉक्टर.
बायांच्या खात्यात दरमहा रक्कम,
समोरच्यापेक्षा शंभर रुपये जास्त.
हत्ती आले तर भोंगा, वाघासाठी सौर कुंपण,
पोट्ट्यांना अभ्यासिका, तिच्यात एसी.
(एसीला पोट्टे हसले. लाइटच नव्हती, जनरेटर होता.)

मग तो थांबला.
प्लास्टिकवर ऊन चमकलं असेल,
किंवा काय, ते त्यालाच ठाऊक.
त्यानं डावीकडं, खाली पाहिलं,
जिथं प्रॉम्प्टर बसतो तिथं.
तिथं जनरेटर धूर सोडत होता.

माझे ओठ हलले, सवयीनं.
पण माझ्याआधी पुढच्या रांगेतली पार्बताबाई,
खर्रा घोटता घोटता, मान वर न करता:
"पूल, बाबू. कुकडनाल्यावरचा पूल."
मागून कोणी: "दोन वर्षांत."
कोणी: "दोन ट्रॅक्टर जातीन असा रुंद."
यादीत यंदाच नाव आलेली पोरं ओरडली:
"अन् कठडे पिवळे!"
साऱ्यांना पाठ. पाच निवडणुकांची तालीम.

दुधरामनं कागदाची घडी घालून पाहिली.
लॅमिनेशनची घडी होत नाही.
काखेत धरला, म्हणाला,
"तुमाले तं माहीतच हाये,"
अन् उतरला.
पक्षाच्या माणसानं माइक ओढून
घोषणा दिल्या बराच वेळ.

रात्री गाडी अलीकडेच राहिली.
आमचं गाव पलीकडे, त्याचंही.
चपला हातात, पाणी गुडघ्याएवढं,
कापलेल्या धानाचा वास दोन्ही काठांना.
मधोमध त्यानं माझा खांदा धरला.
"चुकलं का गा?"
मी म्हटलं, "पॉज मोठा झाला."
तो हसला, आवाज न करता, पडद्याआडचं हसू.
"पण वाक्य कोणाचं होतं?"

मला काही सुचलं नाही. अन् त्यानंही पुरवलं नाही.

पुढं भूमिपूजनाचा दगड आडवा पडला आहे,
मागच्या की त्याच्या मागच्या खेपेचा.
नावं झिजली, कोण मंत्री ते वाचता येत नाही,
पण खोदलेली अक्षरं तळव्याला लागतात,
म्हणून पाय घसरत नाही तिथं.
आम्ही सगळे त्याच्यावरूनच जातो.
"डावा पाय आधी," दुधराम हळूच म्हणाला,
अन् मी टाकला.