तीनशे तेरावी

निवतीच्या बंदरातून, वारा सरळ असेल तर, दीड तास.
काप्याचा कातळ म्हणतात त्याला.
नकाशावर माशी बसून गेल्यासारखा ठिपका.
त्यावर दिवा, दिव्याखाली खोली, खोलीत मी,
अकरा वर्षं.
पाणी पिंपातून यायचं, तांदूळ पंधरवड्यानं,
चिठ्ठी आली तर आली.

पाली मात्र पहिल्या रात्रीपासून होत्या.
दिव्याच्या काचेवर पाखरं टिपायच्या.
ओल्या दगडाच्या रंगाच्या, पाठीवर मिठाचे कण,
बोटांना उडदाची डाळ चिकटवल्यासारखी.
मी केरसुणीनं हाकलायचो.
पालीत काय बघायचं?
उजव्या खांद्यावर पडली तर हे, डाव्या खांद्यावर पडली तर ते,
पंचांगात सगळं लिहिलेलं असतं.
माझ्या दोन्ही खांद्यांवर पडल्या.
ना राज्य मिळालं, ना मरण.
बदलीसुद्धा वेळेवर झाली नाही.

शेवटी झाली.
सगुण तांडेलानं ट्रंक होडीत घेतली.
घरी उघडली तर बनियनच्या घडीत ती.
झाकणात सापडून शेपूट तुटलेलं,
डोळे उघडे.
बायको म्हणाली, "ह्या काय हाडलात?"
मी म्हटलं, पाल. सगळ्यांच्या घरात असते तशी.

ट्यूबलाइटमागे राहिली.
शेपूट पुन्हा आलं, आखूड, त्यावर मीठ नव्हतं.
घरातल्या पाली चुकचुकायच्या,
बायको बोटांनी जमीन वाजवायची, खरां, खरां.
हिचं बोलणं निराळं.
टक टक. मग जरा थांबून, टक.
होडीच्या काठाला वल्हं लागावं तसं.
आणि मग गप्प.
तेवढाच वेळ गप्प,
जेवढा कातळावर दुसरीला उत्तर द्यायला लागायचा.
हे मला कसं ठाऊक?
अकरा वर्षं ऐकत होतो,
ऐकतोय हे कळलं नव्हतं एवढंच.

चार चतुर्थ्या गेल्या.
पाचव्या वर्षी गणपतीआधी रंग काढायला घेतला,
ट्यूब खाली उतरवली.
ती होती, तिकिटासारखी पातळ.
शेजारी दोन अंडी,
भिजल्या साबुदाण्याहून जरा मोठी.
उजेडात धरून पाहिली.
आत काही नव्हतं.
रंगाऱ्यानं फडकं मारलं.

परवा ढोबळे नावाची मुलगी आली, विद्यापीठातली,
कपाळावर बॅटरी बांधणारी.
म्हणाली, तुमच्याइतकं बेट कुणाला माहीत नाही, चला.
गेलो. गुडघे नको म्हणत होते.
तीन रात्री आम्ही पाली मोजल्या.
ती पकडायची, मी नखाच्या रंगाचा ठिपका द्यायचो,
सोडून द्यायचो.
तीनशे बारा.
"काका, अख्ख्या जगात एवढ्याच," ती म्हणाली.
"इथून पाऊणशे पावलांवर यांचं जग संपतं."
मी म्हटलं, सरड्याची धाव कुंपणापर्यंत.
"सरडा वेगळा, पाल वेगळी."
आणि कुंपण?
तिनं बॅटरी पाण्याकडे फिरवली. उजेड पोचला नाही कुठेच.

मग तिनं फॉर्म काढला.
ही पाल बेटाबाहेर कधी, कुणी, पाहिली आहे काय?
पेनाचं टोक कागदावर थांबलं.
टक टक, आणि पुढच्या टकच्या आधीचा असतो ना,
तेवढा वेळ.
मी म्हटलं, नाही.

रात्री झोप येईना.
दिवा आता आपोआप फिरतो, त्याला माणूस लागत नाही.
जुन्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसलो
आणि नखानं,
उगाच,
टक टक. टक.

अंधारातून ढोबळेचा आवाज आला, झोपेतला पण खूश,
"काका, ऐकलंत? अजून एक आहे."
चेन उघडल्याचा आवाज. वही.
आता सांगावं असं वाटलं.
तिनं लिहिलं, मोठ्यानं म्हणत,
तीनशे तेरा. दिसली नाही. फक्त आवाज.