विरजण

आमचे हे सहा ॲपवर मेलेत.
एकावर खाडीत फुगून, एकावर लिफ्टमध्ये,
एकावर नुसतेच पाय, पांढऱ्या चादरीबाहेर.
पण पाय मी ओळखते. डाव्या अंगठ्याचं नख
लग्नाआधीपासून काळं आहे.

मढला शूटिंग असलं की पहाटे चारला डबा.
मेलेल्याला संवाद नसतात, म्हणून पैसे कमी,
तोंडाला रक्त लावलं तर दोनशे वर.
पूर्वी महिन्यातून एकदा मरायचे,
हल्ली आठवड्याला दोनदा.
नव्या नव्या कंपन्या निघाल्यात म्हणे,
आणि प्रत्येकीला पहिल्याच भागात एक मुडदा लागतो.
बरकत आहे.

बघायचं मात्र कुठे?
आधी एकच वायर होती, पेडणेकरांच्या पत्र्यावरून यायची,
तीन तारखेला केबलवाला पोरगा दारात, कानावर पेन.
आता ह्याचे एकशे एकोणपन्नास, त्याचे दोनशे नव्व्याण्णव,
तिसरं घ्यायचं तर वर्षाचंच,
चौथं फुकट, पण माणूस मरता मरता मध्येच
गुडघ्याचं तेल विकतं.
एका मरणाचे यांच्या हातात नऊशे पडतात.
ते बघायला मी तीनशे मोजू?

मग भिशीत जयवंतीनं डोकं लढवलं:
एकेकीनं एकेक घ्यायचं, पासवर्ड सगळ्यांचा.
टेंभीपाड्यात विरजण असंच फिरतं.
माझं नासलं तर फिलोमिनाकडून आणायचं,
तिचं मुळात माझ्याकडूनच गेलेलं.
भिशीच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवले:
फिलोमिनाचा म्हणजे धाकट्याची जन्मतारीख,
जयवंतीचा गॅसचा नंबर.
नसीमआपाचा तेवढा वहीत नाही.
ती स्वतः येते, रिमोटवर पदर धरून
एकेक अक्षर दाबते, आणि जाते.
आम्ही तेवढा वेळ छताकडे बघतो.

चैत्रात एका रात्री टीव्हीनं विचारलं,
हे उपकरण या घरातलं दिसत नाही.
तुम्ही प्रवासात आहात का?

तव्यावर पोळी होती माझी.
प्रवासात?
घर कुठून कुठपर्यंत, हे ठरवायला
कंपनीचा कुणी चढण चढून आला नव्हता.
थोरलीच्या वेळी मी फिलोमिनाच्या चादरीवर बाळंत झाले.
नसीमआपाचा कुकर तीन वर्षं माझ्या ओट्यावर आहे,
त्यानं कधी विचारलं नाही, मी कुणाच्या घरातला.

कोड गेला फिलोमिनाच्या मोबाइलवर, ती खालच्या गल्लीत,
वेळ पंधरा मिनिटं.
मी गॅलरीतून हाक मारली, तिनं खालून बोंब ठोकली:
आठ! शून्य! शून्य! तीन!
वरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत ऐकू गेलं.
टीव्हीनं घर मान्य केलं.
पोळी जळाली.

हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. बघत नाहीत कधी.
मेलेल्याला काय बघायचं, म्हणतात.
आवाज बंद ठेवून मी बसले.
चौतिसावं मिनिट. लोखंडी टेबल, वर निळा दिवा,
महागडा कोट घातलेला तो इन्स्पेक्टर
(मुंबईत कोट, तोही मे महिन्यात)
यांच्यावर वाकून काहीतरी खूप दुःखाचं बोलतोय.
त्याच्याकडे कोण बघतंय.
कोपराखाली, बटणांच्या जरा वर,
पोट हललं.

दहा सेकंद मागे.
हललं.
एवढी माणसं पगारावर, कॅमेरेवाला, कापणारा, जोडणारा,
एवढ्या देशांतले पैसे भरणारे,
कुणाच्या ध्यानात आलं नाही.
पुन्हा मागे. पुन्हा हललं.
बाजूला हे घोरत होते, तरी मी
त्याच इवल्याशा श्वासाशी बसून राहिले
एक वाजेपर्यंत.

सकाळी डबा भरताना जिभेवर आलं होतं.
नाही सांगितलं.
कळलं तर पुढच्या वेळी
नीट श्वास धरून मरतील.