बदामी तार

टोपण उघडलं तर आत मीठ,
वाळलेलं शेवाळ, कोळ्याचं सोडलेलं जाळं.
चाळीस घोड्यांचं आउटबोर्ड, माझ्याहून चारच वर्षांनी लहान.
ओतिलियाकडून घेतलं, शिंपल्यांच्या अकरा पोत्यांवर,
पिस्टन नवा घालीन माझ्या खर्चानं, या बोलीनं.

पिस्टन घातला. पंपाचं रबरी चाक बदललं.
मग तारांकडे वळले.
जांभळी किल्लीकडून येते, काळी अर्थिंगची,
लाल, पिवळी, सगळ्या आपापल्या घरी.
बदामी तेवढी सिलिंडरच्या डोक्यातून निघते,
वीतभर चालते
आणि संपते.

उंदीर, वाटलं आधी.
पण उंदीर चिकटपट्टी गुंडाळत नाही.
तीन वेढे, घट्ट, शेवटचं टोक अंगठ्यानं दाबून बसवलेलं.
आत पक्कडीनं एका दमात तोडलेलं तांबं,
हिरवं पडलेलं.

ब्राउलिओला सांगितलं, ही तार कशाची ते:
इंजिनाला ताप चढला की डोक्यातली कळ जुळते,
कळ जुळली की भोंगा ओरडतो.
"मग तोडली कोणी?"
तो दहाचा पाना दे इकडे.

कळ काढून घरी आणली.
चुलीवर लहान पातेलं, त्यात तेल. पाणी नाही;
पाणी शंभराला उकळत बसतं, पुढचं काही सांगत नाही.
जॅमचा थर्मामीटर. कळ दोऱ्यानं टांगलेली,
तळाला टेकू न देता,
मल्टिमीटरच्या सुया माझ्या दोन्ही हातांत.
सत्तर. ऐंशी. आचाओच्या बाजूनं पाऊस सरकत येत होता.
नव्वद. मीटर गप्प.
ब्याण्णव, त्र्याण्णव. मेली असेल, म्हटलं,
इतकी वर्षं मिठात कोण जगतं.
सत्त्याण्णवला बारीकसं
टीं.

पातेलं उतरवलं. तेल निवत गेलं तशी तीही निवली.
भोंगासुद्धा जिवंत निघाला, डॅशबोर्डच्या पाठीमागे,
बॅटरी लावताच.
कुणी विचारलं नव्हतं, म्हणून बोलला नव्हता.

आमचं बेटच दुखणं अंगावर काढणाऱ्यांचं.
एलेउतेरिओ नावेलकीन दाढसुद्धा स्वतःच उपटायचा, शेडमध्ये, उभ्याउभ्या.
माझं इंजिन मला कळतं, म्हणायचा.
मार्चात बोट सापडली, पल्याडच्या खडकांत, सरळ तरंगत,
भाकरीचा डबा न उघडलेला.
एवढंच सापडलं.

सोमवारी ओहोटी लागल्यावर जोडायला बसले.
हिरवं तांबं छाटत गेले, चकाकी लागेपर्यंत.
सोल्डर, वर नळी, नळीला लायटरची आच.
आता कळीकडचं टोक अजून मोकळंच ठेवून
किल्ली फिरवली, इंजिन न पेटवता,
आणि ते टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला टेकवलं.

काय तो आवाज.
कुत्रं शेपूट घालून होडीखाली,
दोरावरचे बगळे उठले,
ब्राउलिओच्या हातून नटांची वाटी चिखलात.

वरच्या, लाकडी खवल्यांच्या घराचं दार उघडलं.
ओतिलिया खाली आली, एका पायात बूट,
कोपरापर्यंत पीठ.

"हा आवाज," म्हणाली.
"रोज यायचा, खाडीच्या तोंडापासून.
यावरच मी पाव भट्टीतून काढायचे.
मग एका हिवाळ्यात यायचा थांबला."
पिठाचे हात तिनं पुसले नाहीत.
"मला वाटलं, दुरुस्त केलंन त्यानं.
बरं वाटलं होतं मला."

चिकटपट्टीचे तीन वेढे माझ्या खिशात होते.
तसेच गोल, बोटात अंगठी बसावी एवढे.
हो, म्हटलं, झालंय दुरुस्त.

"पुन्हा वाजव."

मी तार पुन्हा लोखंडाला लावली आणि धरून ठेवली.
ब्राउलिओनं कानांवर हात ठेवले.
तिनं ठेवले नाहीत.